देव्हाऱ्यातली सनद निघाली कर्जरोखा: आपला अभ्यास आपणच कसा करायचा

आमच्या देव्हाऱ्यामागं पत्र्याच्या नळीत एक कागद असायचा. दसऱ्याला बाहेर काढायचा, हळदकुंकू वाहायचं, परत नळीत. आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की ही शाहू महाराजांनी आमच्या खापरपणजोबांना दिलेली सनद हाय, पायताण आवडलं म्हणून. कागद मोडीत, वाचता कुणालाच येत नव्हता, त्यामुळं वाद पण नव्हता. मी कॉलेजात जाईन तिथं हे सांगितलंय, एकदा तर समाजाच्या मेळाव्यात माइक हातात घेऊन सांगितलंय, टाळ्या पण घेतल्यात. मग मोडी शिकले आणि दुसऱ्याच महिन्यात कळलं की ती सनद बिनद काय नाही, कर्जरोखा आहे. कातड्यासाठी उचललेल्या पैशाचा. शके 1839, म्हणजे 1917-18.

तर आपण कोण हे दुसऱ्यानं सांगितलंय म्हणून मान्य न करता (आणि आपल्याच माणसांनी कौतुकानं सांगितलेलं पण तपासून) स्वतः शोधायचं, वाचायचं, लिहायचं कसं, याची मला जमलेली रीत इथं टाकतेय. मी चांभाराची पोरगी, सुभाषनगरात वाढले, एमए केलंय, प्राध्यापक वगैरे नाही. चुका भरपूर केल्यात, त्यामुळं चुकांवर जरा अधिकारानं बोलू शकते.

प्रश्न लहान घ्या, एवढा लहान की लाज वाटली पाहिजे

सगळ्यांचं इथंच फसतं. "आमच्या समाजाचा इतिहास" घेऊन बसायचं, चार महिने नेटवरून कॉपी करायचं, मग सोडून द्यायचं. माझं पण झालंय. दोनशे पानांची फाइल होती, त्यात माझं एक वाक्य नव्हतं.

मग एक दिवस आज्जीचा कसलातरी सरकारी फॉर्म भरत होते. व्यवसाय या रकान्यात आधीच्या सगळ्या कागदांवर होतं तेच लिहिलं, "घरकाम". आणि समोर आज्जी पायाच्या अंगठ्यात वादी (कातड्याची बारीक पट्टी) अडकवून चपलेची वेणी घालत बसलेली. पन्नास वर्षं हेच करतेय. आमच्यात गडी माणसं रापीनं (कातडं कापायचं हत्यार) कापतात, तळ घडवतात, आणि वेणी घालणं, शिलाई, भोकं पाडून नक्षी काढणं हे बरंचसं बायकांच्या हातचं. कारागीर म्हणून कार्ड आबांच्या नावावर. प्रश्न तिथंच सापडला: वेणी कोण घालतं आणि नाव कुणाचं लागतं?

बास, एवढाच. पण हा प्रश्न धरला की सगळं त्यातून यायला लागतं. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकातले चार (बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर) असे मिळून. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसलीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि ओरड झाल्यावर मान्य केलं की प्रेरणा तिकडचीच. तेव्हा अख्ख्या जिल्ह्याच्या स्टेटसला "आपली कोल्हापुरी". मला बरं पण वाटलं आणि हसू पण आलं, कारण ज्या घरांत आमच्या आबांना ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं त्याच घरातली नातवंडं पण "आपली" म्हणत होती. आपली म्हणजे कुणाची, हा प्रश्न मी नंतर घेतला. आधी वेणी.

प्रश्न बरोबर आहे का बघायची माझी कसोटी: तीन माणसांना विचारून आणि दोन कागद बघून त्याचं निदान अर्धं उत्तर मिळतंय का? मिळत असेल तर घ्या. नसेल तर अजून बारीक करा.

माणसांशी बोलताना

पहिल्या दिवशी मी आज्जीसमोर फोन ठेवला आणि विचारलं, तुझा जीवनप्रवास सांग. ती म्हणाली, "कसला प्रवास, मी कुठं गेलीया." संपला इंटरव्ह्यू.

दुसऱ्या दिवशी काय विचारलंच नाही. दोन वाद्या घेतल्या आणि तिच्याशेजारी बसून वेणी घालायला लागले, मुद्दाम नाही, खरंच चुकत होते. तिला बघवेना. हातातनं ओढून घेतली. "वलं हाय तवरच वड, वाळल्यावर वडलीस की तुटतंय." आणि तिथनं सुरू झाली ती दीड तास. कुणाकडून शिकली, सासूनं पहिली वेणी कशी उसवायला लावली, कापशीच्या पायताणाला पट्टा कसा वेगळा, बाळंतपणात सव्वा महिना झाल्यावर पहिला जोड कुणाचा केला. माणसाला वस्तू द्या हातात, आयुष्य विचारू नका.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या, घरचं माणूस असलं तरी. सुरुवातीला तारीख आणि गाव मोठ्यानं बोला, नाहीतर वर्षभरानं "न्यू रेकॉर्डिंग 47" मध्ये काय आहे ते कळत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका. समोरचा गप्प बसला की आपण पण गप्प, भर घालू नका, पुढचं वाक्य बहुतेक वेळा त्या गप्प बसण्यातनंच येतं. ती "न्हाई" म्हणाली तर "न्हाई"च लिहा, "नाही" करू नका. आणि "हे नगं लिहू" म्हटलं की नाही लिहायचं. आज्जीच्या दोन गोष्टी माझ्या वहीत नाहीत आणि येणार पण नाहीत.

याच काळात शब्दांची वही करा, हे मात्र अगदी नक्की करा. माझ्या वहीत रापी, आरी, वादी, कान, अंगठा, वेणी, पुकरी, बक्कलनाळी असे दीडशेच्या आसपास शब्द झालेत. प्रत्येकापुढं कुणी सांगितला आणि कधी. हे करताना एक मजा कळली. आबांनी कातडं कमावायची जुनी पद्धत सांगितली, जे काम आमच्याकडं ढोर समाजाची माणसं करायची: कातड्याची पिशवी शिवायची, त्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं, टांगून ठेवायची, पाझरलेलं पाणी खालून धरून परत वर ओतायचं. सालीतलं आणि हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसतं आणि कातडं कुजायचं थांबतं. सरळ सरळ रसायनशास्त्र आहे हे. पण प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक प्रदर्शनात याला म्हणतात "पारंपरिक कला". कला म्हटलं की कौतुक करता येतं आणि ज्ञान मानायची गरज पडत नाही. तुमच्या घरात असं काय काय आहे ज्याला दुसऱ्यांनी सोयीचं नाव दिलंय, त्याची यादी त्याच वहीच्या मागच्या पानांवर करा.

कागद

कागद म्हटलं की लोक घाबरतात. सुरुवात घरातल्या पेटीपासून, मग शाळेपासून करा. जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, नाव, जन्मतारीख, जात, पालकाचा धंदा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला कोतवाल बुक पण म्हणतात. जमीन असेल तर फेरफार. अर्ज करा, नक्कल मागा, हेलपाटे होतील, चालायचंच. पुराभिलेखागारात जाताना पेन्सिल न्या, शाईचं पेन आत चालत नाही, आणि फोटोला परवानगी लागते. मी पहिल्या दिवशी मस्त जेल पेनांचा सेट घेऊन गेलेले.

आमच्या तीन कागदांवर जात तीन प्रकारे आहे. पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत "चांभार", वडिलांच्या दाखल्यावर "हिंदू चांभार", माझ्यावर "हिंदू चर्मकार". माणसं तीच, रापी पण तीच. म्हणून प्रत्येक कागदाला तीन गोष्टी विचारायच्या: लिहिला कुणी, कशासाठी, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला विचारलं होतं का? माझ्या पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं, गुरुजींनी बघून लिहिलं.

हेच तीन प्रश्न इंग्रजांच्या गॅझेटियरला पण लावा. बॉम्बे गॅझेटियरचा 24 वा खंड कोल्हापूरचा, 1886 चा. त्यात जातवार वर्णनं आहेत, कोण काय खातं, कसं दिसतं, स्वभाव कसा. माहितीची खाण आहे, खोटं कशाला बोलू, पण एका अख्ख्या समाजाचा स्वभाव दोन ओळीत लिहिणारा माणूस किती घरात जेवला असेल? वाचताना राग येईल. राग आला की समासात पेन्सिलनं खूण करा (स्वतःच्या झेरॉक्सवर, लायब्ररीच्या पुस्तकात नव्हं), त्या खुणा नंतर तुमचे प्रश्न होतात.

मोडी शिकाच. दहापंधरा दिवसांचे वर्ग असतात, अक्षर ओळख तेवढ्यात होते, हात बसायला सहा महिने. आधी आडवी रेघ ओढून मग खाली अक्षरं लटकवत गेलेली असतात, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व दीर्घ असला प्रकार नाही. म्हणून सुरुवातीला अख्खा कागद वाचायचा हट्ट धरू नका. तारीख शोधा, नावं शोधा, आकडे शोधा. शके असेल तर 78 मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79. फसली (जुनं महसुली वर्ष) असेल तर 590 किंवा 591. जुन्या कागदात शुहूर सन (मराठेशाहीतली कालगणना) येतो आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दात लिहिलेला असतो, तिथं माझी बोबडी वळलेली. अर्बा म्हणजे 4, सबैन म्हणजे 70, मया म्हणजे 100, अलफ म्हणजे 1000, मग "अर्बा सबैन मया व अलफ" म्हणजे 1174. त्यात 599 मिळवले की 1773. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळं जानेवारीनंतरचा कागद असला तर 600 मिळवायचे. मी एका टिपणात सगळीकडं 600 च मिळवत गेले आणि अख्खी मालिका वर्षानं पुढं ढकलली, वर्गातल्या बाईंनी बघितलं म्हणून वाचले.

आता तो आमचा कागद. वर्ग झाल्यावर मी बाईंना फोटो दाखवला, सनद म्हणूनच. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणाल्या तूच वाच. मला "लिहून देणार" लागलं, मग "घेणार", मग एका शब्दावर अडकले. तो शब्द होता "व्याज". सनदेत व्याज कशाला असेल? तेव्हा पोटात गोळा आला. आणि खाली सहीच्या जागी शब्द होता "निशाणी", पुढं एक छोटं चित्र, मूठ आणि वाकडं पातं. रापी. ज्याला लिहिता येत नव्हतं तो आपल्या धंद्याची निशाणी करायचा, कुणबी नांगर काढायचा. खापरपणजोबांनी रापी काढलेली.

आबांना सांगायला मला चार दिवस लागले. ते ऐकून बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "म्हंजी म्हातारा पत असलेला गडी हुता की. भिकाऱ्याला उधार देतंय कोण?"

मी दोन वर्षं संशोधन पद्धती शिकले आणि हे मला सुचलं नव्हतं. अर्थात हा पण अंदाजच, तपासायला पाहिजे, त्याच वर्षातल्या बाकीच्या कर्जरोख्यांत व्याज किती होतं ते बघून ठरेल पत होती की नडलेला होता. पण गौरवाची गोष्ट गेली आणि तिच्या जागी खरा माणूस आला, स्वतःच्या हातानं रापी काढणारा. माझ्यासाठी सौदा वाईट नाही. मेळाव्यातल्या लोकांना मी ही दुरुस्ती पण माइकवरूनच सांगितली, टाळ्या कमी पडल्या.

दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं कसं

शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय, आणि गावात करवीर नगर वाचन मंदिर, 1850 पासूनचं. शाहू महाराजांची कागदपत्रं विद्यापीठानं खंडाखंडानं छापलीत, ती बघाच, दंतकथा कुठं संपते आणि हुकूम कुठं सुरू होतो ते कळतं.

आणि एक लेख नुसता वाचू नका, उघडून बघा, जसं चप्पल उसवून बघतात तसं. 9 मे 1916, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, डॉ. आंबेडकर, वय 25, भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सुरुवातीलाच ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर अशा चौघा अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या घेतात, कुणाला काय सापडलं आणि कुणाच्या हातून काय सुटलं ते सांगतात, मग आपलं मांडतात की जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. स्वतःवर काय गुदरलं ते पुढं करून सूट मागितलेली नाही. तुम्ही पण तेच करा, तुमच्या विषयावर आधी लिहिलेले चार जण घ्या, प्रत्येकाला एक पान, डावीकडं काय घेतलं, उजवीकडं काय सुटलं. चार पानांच्या उजव्या बाजू एकत्र वाचल्या की तुमची जागा दिसते. माझ्या चारही पानांच्या उजव्या बाजूला बायका होत्या.

दुसरी वाट पण आहे. 1855 मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात मुक्ता साळवेचा निबंध आला, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली पोरगी, मांग-महारांच्या दुःखावर. ती कुणाच्या व्याख्या घेत नाही, डोळ्यासमोरचं सांगते आणि थेट विचारते. तुमच्याजवळ कागद कमी आणि अनुभव जास्त असेल तर तसं लिहा, फक्त कुठलं पाहिलेलं आणि कुठलं ऐकलेलं ते वेगळं ठेवा.

मला एका सेमिनारमध्ये एका सरांनी विचारलं, स्वतःच्याच समाजावर लिहिताय मग तटस्थ कसं राहणार? मला तेव्हा रडू आलं, उत्तर आलं नाही. आता असं कुणी विचारलं तर वही पुढं करते: हे कुणी सांगितलं, कधी, हा कागद कुठला, ही माझी चूक आणि ही तिची दुरुस्ती. आणि वाटलंच तर विचारते की सर, तुमच्या घराण्यावर लिहिणाऱ्यांना पण हे विचारता का?

आपल्या गोडगोड गोष्टींचं काय करायचं

नेटवर सापडेल की कोल्हापुरी चप्पल बाराव्या शतकातली, बिज्जल राजाच्या काळातली. त्याच काळातली हरळय्यांची गोष्ट, बसवण्णांसाठी नवराबायकोनं आपल्या मांडीचं कातडं काढून पादत्राण केलं. गोष्ट म्हणून मी ती जिवाजवळ धरते, पुरावा म्हणून वापरत नाही. पण गोष्टीला पण प्रश्न विचारता येतो. कथेत बायकोनं पण कातडं दिलंय, नावानिशी ती कथेत आहे. मग माझ्या आज्जीच्या फॉर्मवर घरकाम का? फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधून एवढं जरी काढता आलं तरी खूप झालं. एआयला विचारून बघायचा मोह होतोच, मला त्यानं चर्मकार स्त्रियांवरचं एक पुस्तक सुचवलं, लेखक, साल सगळं, ग्रंथपालांनी बिचाऱ्यांनी अर्धा तास शोधलं, असलं पुस्तकच नव्हतं.

लिहून झालं की वाचून दाखवा

ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनाच, मोठ्यानं. गाइडच्या आधी. मी आज्जीला वाचून दाखवलं, "या व्यवसायात महिला पुरुषांना सहाय्य करतात."

"सहाय्य म्हंजी?"

"मदत गं."

"मदत? मग येणी कोण घालतंय, भूत?"

ते वाक्य खोडलं. दोन वर्षं अभ्यास करून, सगळे रकाने तपासून, मीच तिला परत मदतनीस करून ठेवलेलं. आता तिथं लिहिलंय की चप्पल दोन कारागीर मिळून करतात, आणि दोघांची नावं आहेत, तिच्या परवानगीनं. तुमच्या मसुद्यात "सहाय्य", "हातभार", "वारसा जपणे", "तळागाळातील" असले शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबा, तिथं काहीतरी न बघता पुढं गेलेलं असतं.

मराठीतच लिहा आधी, इंग्रजी लागलं तर नंतर करता येतं. रापीला "टूल" केलं की कागदावरची ती निशाणी दिसायची बंद होते.

कर्जरोखा आता परत नळीत आहे, दसऱ्याला काढतो, हळदकुंकू पण वाहतो, आज्जीनं तो भाग बदलू दिला नाही. कर्ज फिटल्याची नोंद कुठं सापडतेय का ते मी अजून शोधतेय, सावकाराच्या घराण्यातल्या जुन्या वह्या बघायला मिळाल्या तर कळेल. आबा म्हणतात, लई शोधू नगंस, सापडलं आणि फिटलं नसलं तर शंभर वर्षांचं व्याज लागंल.